जुन्या दाराचा रंग

जुने सागवानी दार मिळवायचे, त्यावरचे ऑइलपेंटचे थर खरवडून काढायचे, पॉलिशपेपर मारून लाकूड गुळगुळीत करायचे आणि उघड्या पडलेल्या सोनेरी सागावर पारदर्शक, चकचकीत लेप चढवायचा, या सगळ्याला आता ‘दार मूळ रूपात आणणे’ असे म्हणतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात, जिथे जुनी घरे पाडून त्यांच्या जागी मजले चढत आहेत, तिथे हे काम अनेक हौशी माणसे स्वतःच्या गच्चीवर मनापासून करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, मात्र त्यामागच्या समजुतीबद्दल शंका आहे. या भागातल्या दारांची साधारण तीन रूपे होऊन गेली: आधी तेल प्यालेले काळपट दार, मग रंगवलेले दार आणि त्यानंतर हे उघड्या लाकडाचे झळझळीत दार. जे सर्वांत जुने म्हणून मिरवले जाते ते या तिघांतले सर्वांत नवे आहे. एवढे मान्य केले की दार कसे खरवडावे, किती खरवडावे आणि मुळात खरवडावे का, या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

पहिल्या रूपापासून सुरुवात करू. आज कारखान्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा मुळात गावांचा आहे. पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीभोवती वाढलेले चिंचवड, पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चिखली, मोशी आणि पुढे नाशिकच्या वाटेवरची चाकणची बाजारपेठ. चिंचवडगावात देव घराण्याचा मंगलमूर्ती वाडा आहे. २२ जून १८९७ च्या रँडवधामुळे ज्यांचे नाव घराघरांत पोचले त्या चापेकर बंधूंचा वाडाही तिथेच असून तो स्मारक म्हणून जपलेला आहे. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई पुण्यात लोकांच्या घरांत, थेट देवघरा-माजघरापर्यंत घुसले, हा त्या घटनेमागचा संताप होता. उंबऱ्याच्या आत कोण येऊ शकतो आणि कोण नाही, याला त्या समाजात केवढे वजन होते हे त्यावरून कळते. वाड्याच्या दाराची बांधणीही त्याच वजनाची असे. जाड चौकट, वर गणेशपट्टी, दोन भक्कम फळ्या, मोठ्या दरवाजात माणसापुरती दिंडी, आतून भिंतीत सरकणारा अडसर, बाहेर कडी-कोयंडा. बऱ्याच जुन्या दारांना बिजागरी नसतेच. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला काढलेला गोल खुंट चौकटीतल्या आणि उंबऱ्यातल्या खळग्यात फिरतो.

हे सगळे सागाचे असे, हा समज मात्र सोडायला हवा. साग मौल्यवान होता आणि त्यावर राज्यकर्त्यांचा डोळा असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या सागासारख्या झाडांची तोड हुकमाने करावी आणि रयतेने वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे बजावले आहे. लाकूड ही राज्याने मोजूनमापून वापरायची वस्तू होती. मैदानातल्या सामान्य कुणब्याच्या घराला बाभूळ, कडुनिंब, आंबा हेच लाकूड परवडे. खेड तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगराला भिडतो, तिकडच्या बाजूला जांभूळ, हिरडा, ऐन यांचा आधार. एकाच दारात चौकट बाभळीची आणि फळ्या आंब्याच्या, असे मिश्रण अगदी स्वाभाविक होते. शिवाय एखादी पट्टी किडली की सुतार मिळेल त्या लाकडाची दुसरी बसवी. सुतार बलुतेदार होता. दाराची डागडुजी हा रोख मजुरीचा व्यवहार नव्हता, ती वर्षाच्या बलुत्यात येई. दार झिजत जाई आणि दुरुस्त होत जाई, आणि त्याला एकसारखे दिसण्याची काही गरज नव्हती.

त्यावर लेप कोणता होता? तेल. जवसाचे, करडईचे, घरात जे असेल ते. मग चुलीचा धूर, दिव्याची काजळी, शेकडो हातांचा तेलकटपणा, उंबऱ्यावर हळद-कुंकू, चौकटीला गेरू. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि वर्षागणिक गडद होत जाते. त्यात धूर मिसळला की लाकूड काळ्याच्या जवळ जाणारे तपकिरी होते, आणि त्याला चमक अशी नसतेच. जुन्या दाराचा सर्वांत खालचा रंगाचा थर जपून उचलला, किंवा चौकटीच्या आड लपलेली फळीची कड पाहिली, तर तिथे असेच काळपट, तेल मुरलेले लाकूड सापडते. मधाच्या रंगाचा साग सापडतो तो पॉलिशपेपरने ही काळी कातडी उतरवल्यावर. म्हणजे तो सुताराने फळी रंधून काढली तेव्हाचा, दाराचे आयुष्य सुरू होण्यापूर्वीचा रंग आहे. वापरातल्या दाराने तो फार थोडा काळ अंगावर वागवला असेल.

सागाची मुबलकता रेल्वेबरोबर आली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, बोरघाटाचे काम १८६३ मध्ये पुरे होऊन मुंबई थेट जोडली गेली, आणि बंदरात उतरलेले लाकूड घाट चढून वर येऊ लागले. त्याच १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. या कंपनीचा आणि ब्रह्मदेशाच्या राजाचा सागावरून झालेला तंटा हे १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरले. ‘बर्मा साग’ ही आपल्याकडची अभिमानाची मोहोर एका साम्राज्याच्या जंगलतोडीतून आली आहे, हे विसरू नये. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि हा ओघ तुटला. त्यानंतरच्या दारांत मध्य प्रांतातला ‘सीपी साग’ आणि दांडेलीकडचा साग अधिक दिसतो. हे दारावर वाचताही येते. वाकसाने तासलेल्या फळीवर उथळ, कमी-अधिक खोलीच्या पन्हळी असतात. यंत्राच्या गोल करवतीने कापलेल्या फळीवर एकसारख्या कमानी उमटतात. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी आणि निमुळता, तर कारखान्यातला तारेचा खिळा गोल. दार कोणत्या काळाचे आहे हे सांगणारा याहून सोपा पुरावा नाही, आणि यंत्राने केलेली घासाई काही मिनिटांत तो पुसून टाकते. मला सर्वाधिक हळहळ याच नुकसानीची वाटते, कारण ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरे रूप, म्हणजे रंग. जुन्या दाराच्या हौशी मंडळींना ऑइलपेंट हा अडाणीपणाचा पुरावा वाटतो. सुंदर सागावर हिरवा नाहीतर चॉकलेटी रंग कुणी फासला, असा त्यांचा सूर असतो. पण रंग आला तो कारणाने. कलकत्त्याजवळ शालिमार कंपनी १९०२ मध्ये निघाली, मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स, आजची नेरोलॅक, १९२० मध्ये आणि एशियन पेंट्स १९४२ मध्ये. रंग छोट्या डब्यांत मिळू लागला तशी त्याची वाट खेड्यापर्यंत गेली. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात तोच डबा होता, आणि उरलेला रंग दाराला लागणार हे ठरलेलेच. मग या पट्ट्याचे अर्थकारणच पालटले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६६ च्या सुमारास टेल्कोने इथे पाय रोवला, बजाजची स्कूटर आकुर्डीतून निघू लागली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला आणि सुताराचा मुलगाही. जे काम बलुत्यात होई त्याला माणूसच उरला नाही. दर वर्षी तेल देणारा हात गेला, पण दिवाळीचा बोनस आला, आणि बोनसातून घेतलेला रंगाचा डबा दाराला काही वर्षे पुरत असे.

म्हणून रंग हा त्या काळाचा शहाणपणाचा निर्णय होता, असे मी म्हणतो. त्याने मिश्र लाकडाचे दार एकजीव दिसू लागले, ठिगळे आणि लांबी भरलेल्या भेगा झाकल्या, पावसाचे पाणी अडले, ओल्या फडक्याने दार पुसता येऊ लागले. आणि त्या थरांवर गावाच्या सार्वजनिक आयुष्याच्या खुणा जमा झाल्या. जनगणनेचे घरक्रमांक, १९५० च्या दशकात सुरू झालेल्या हिवताप मोहिमेतल्या फवारणीच्या तारखा, पुढे पल्स पोलिओच्या स्वयंसेवकांनी काढलेल्या खडूच्या खुणा, दसऱ्याच्या तोरणाचे खिळे, ‘शुभ-लाभ’. या नोंदी दप्तरांत शोधायला गेले तर कष्टाने सापडतील. दारावर त्या एकीवर एक, काळाच्या क्रमाने लावलेल्या असतात. खरवडणारा माणूस त्या न वाचताच भुशात टाकतो.

तिसरे रूप, उघडे लाकूड, जन्मले ते टंचाईतून आणि दूर गेलेल्या गावाच्या ओढीतून. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर कार्य आराखड्याशिवाय जंगलतोड थांबली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून साग ओंडक्यांची निर्यात बंद केली. दाट वर्तुळांचा, जंगलात सावकाश वाढलेला साग नव्याने मिळणे कठीण झाले आणि जुनी दारे हाच त्याचा साठा ठरला. इकडे १९९७ मध्ये आजूबाजूची गावे महापालिकेत आली, चाकणला एकामागून एक मोटार कारखाने उभे राहिले, जमिनीचे भाव चढले आणि जुनी घरे पडू लागली. पुरवठा आणि हौस एकाच वेळी वाढली. दाराची किंमत त्यातल्या सागावर ठरू लागली, म्हणून साग दिसला पाहिजे हा आग्रह आला.

आणि तो कशाखाली दिसला पाहिजे? काचेसारख्या लेपाखाली. ही आवड कुठून आली याचे उत्तर याच पट्ट्यात आहे, असे मला वाटते. मोटारीच्या सांगाड्याला आधी फॉस्फेटचे आणि विजेच्या साह्याने अस्तराचे स्नान घालतात, मग रंग, मग पारदर्शक लेप, आणि हे सारे भट्टीत तापवून कडक करतात. हजारो हात रोज हे काम करतात आणि डाग नसलेला, आरशासारखा पृष्ठभाग म्हणजे उत्तम काम हे मोजमाप त्यांच्या नजरेत पक्के बसते. लाकडावर मारला जाणारा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, याच रसायनकुळातला आहे. त्या कुळाचा शोध ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. पत्र्यासाठी हे मोजमाप अगदी बरोबर आहे. लाकूड मात्र आषाढात फुगते, चैत्र-वैशाखात आकसते, आणि ही हालचाल आडव्या रेषेत जास्त, उभ्या रेषेत नगण्य असते. पावसाचे तोंड असलेल्या दारावर कडक लेप सांध्यांपाशी प्रथम तडकतो. तडीतून पाणी आत जाते, लेपामुळे ते बाहेर पडत नाही, आणि खाली लाकूड पांढुरके-काळे पडते. तिथे नुसता डाग दुरुस्त करता येत नाही, सगळे दार पुन्हा खरवडावे लागते. प्रत्येक खरवडणीला लाकडाचा एक पापुद्रा जातोच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तेलाचे दार म्हणजे जन्मभराची चाकरी. नोकरी करणाऱ्या घराला ते झेपायचे नाही, आणि तेलावर धूळ बसते, पावसात बुरशी येते. यातली बुरशीची गोष्ट खरी आहे. ओलसर जागी जवसाच्या तेलावर बुरशी धरते, आणि उघड्यावरच्या दारासाठी नुसते तेल अपुरे आहे. पण चाकरीचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. घरातल्या दाराला तेलाचा हात द्यायला वर्षातली एक सकाळ लागते. तडकलेला पीयू काढायला सगळी सुट्टी जाते आणि फुप्फुसांचेही नुकसान होते. बाहेरच्या दारासाठी माझे उत्तर अनेकांना आवडणार नाही: ते पुन्हा रंगवा. निघालेले पापुद्रे तेवढे काढा, भेगा भरा, शिसेविरहित ऑइलपेंट द्या. ज्या दाराने अर्धशतक रंगात काढले त्याला रंगात ठेवणे हा इतिहासाचा अपमान नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सामान्य माणसाच्या घरच्या सामान्य दाराला पुराभिलेखाचा दर्जा देणे म्हणजे अतिरेक नव्हे का? शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा वेगळा आणि चिखलीतल्या पडलेल्या घराचे दार वेगळे. याचे उत्तर पुण्यातच मिळते. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेला आणि १९६२ मध्ये राज्य सरकारच्या हाती सोपवलेला संग्रह पाहा. अडकित्ते, दिवे, भांडी, फण्या, आणि त्यांच्या शेजारी कोरीव दारे. राजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ होते, घरातल्या वस्तूंत इतिहास आहे हे केळकरांनी दाखवले. शिवाय इथे आणखी एक गोष्ट लागू होते. दिल्ली दरवाजाची नोंद आहे, चित्रे आहेत, त्याच्यावर पुस्तके आहेत. चिखलीतल्या दाराचा एकमेव कागद म्हणजे ते दार. ज्याची दुसरी प्रत नाही ते जपायला अधिक कारण आहे. प्रत्येक दार जसेच्या तसे ठेवा, असे मी म्हणत नाही. खुणा नाहीशा करण्यापूर्वी निदान त्या पाहा, छायाचित्र घ्या आणि थोडा भाग शिल्लक ठेवा, एवढेच माझे मागणे आहे.

आणि ज्यांनी दार आधीच खरवडलेले आणले आहे त्यांचे काय? जुनी दारे विकणाऱ्यांकडून ती पुष्कळदा उघड्या लाकडाचीच येतात. अशा दाराबद्दल आधी ते कशाने उघडे केले आहे ते विचारा. कॉस्टिक सोड्यात बुडवलेले असेल तर सागातल्या द्रव्यांशी त्याची क्रिया होऊन लाकूड काळवंडते, तंतू उभे राहतात, आणि सांध्यांत उरलेला क्षार पुढे तेलाचा साबण करतो, मग तेल वाळतच नाही. ते दार स्वच्छ पाण्याने धुऊन, पातळ व्हिनेगरने क्षार मारून, पुन्हा धुऊन, सावलीत पूर्ण वाळू दिल्याशिवाय हात लावू नये. जिथे जुना रंग अजून आहे तिथे शिसे आहे असेच धरून चालावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दर दशलक्षास ९० भाग अशी मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांबद्दल हमी नाही. म्हणून ब्लोलॅम्पने जाळणे नाही आणि कोरडे घासणेही नाही. पृष्ठभाग ओला ठेवून पत्रीने खरवडावे, चोथा गोळा करून बांधावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या गच्चीवर येऊ देऊ नये. इथे हौसेपेक्षा आरोग्य मोठे आहे.

घासायचे ते लाकडाच्या रेषेत, हाताने, वाकसाच्या पन्हळी बोटाला लागत राहतील एवढेच. खिळ्यांभोवतीचे काळे डाग लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाचे असतात. ऑक्झॅलिक आम्लाने ते फिके होतात, पण मी ते राहू देईन. सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते आणि त्याच बळावर मुंबईत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. हेच तेल वरून दिलेल्या लेपाला धरू देत नाही, म्हणून आधी स्पिरिटचा बोळा फिरवावा. मग उकळलेले जवसाचे तेल, टर्पेंटाइनने पातळ केलेले, अगदी कमी. अर्ध्या तासात जे मुरले नाही ते पुसून घ्यावे, एक-दोन दिवस थांबावे, पुन्हा द्यावे. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत होते, श्रावणात नाही. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. आतल्या दाराला थोडी झळाळी हवीच असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख आहे. ती पाण्याने पांढरी पडते हे खरे, पण स्पिरिटनेच पुन्हा विरघळते, म्हणून पुढच्या माणसाला लाकूड न खरवडता ती काढता येते. काढता येणारा लेप द्यावा, हा नियम मी सगळ्यांत वर ठेवीन.

शिल्लक ठेवायचा तुकडा कुठे ठेवावा, तर बिजागरीच्या बाजूला, फळीच्या आतल्या कडेवर, वीतभर लांबीचा. तिथे सगळे थर तसेच असू द्यावेत आणि खालच्या टोकाला ते पायरी-पायरीने उघडे करावेत: वरचा चॉकलेटी, त्याखालचा हिरवा, त्याखाली निळा असेल तर तो, आणि तळाशी तेलकट काळे लाकूड. दार लागल्यावर तो तुकडा दिसत नाही, त्यामुळे घराच्या शोभेला बाध येत नाही. चौकटीच्या मागे पेन्सिलीने गावाचे नाव, आळी आणि घर पाडल्याचे वर्ष लिहावे, कारण गावाबाहेर गेलेले दार कुठले होते हे दहा वर्षांनी सांगणारे कुणी उरत नाही. महापालिकेने हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला हवे. जुन्या गावठाणातले घर पाडण्याची परवानगी देताना दाराचे एक छायाचित्र आणि मापे मागायची, त्याला खर्च जवळजवळ काही नाही. चिंचवडगाव, भोसरी, चऱ्होली, चाकण इथे पाहण्यासारखी दारे अजून उभी आहेत, आणि ती मोजायला आजही उशीर झालेला नाही.